डिस्पोजलची (लष्कराने वापरातून काढून विकलेली) विलीस जीप रस्त्यावर आणताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

जुनी मिलिटरी जीप दारात आली की बहुतेकजण पहिला हात घालतात तो रंगाला. पत्रा घासला, लांबी (पुट्टी) भरली, मॅट हिरवा मारला, बॉनेटवर पांढरा तारा काढला, की मग इंजिनाकडे वळायचं. ब्रेकची पाळी सगळ्यात शेवटी, आणि तीही नवे लायनर टाकण्यापुरतीच. मग इंजिन उतरवताना नवा रंग खरवडला जातो, ब्रेकचं तेल त्याच रंगावर सांडून तो सोलवटतो आणि आरटीओत गेल्यावर हिरव्या रंगावरच बोट ठेवलं जातं. पैसा दोनदा खर्च होतो आणि गाडी धोकादायकच राहते.

क्रम उलटा हवा. गाडी आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे, दिसायचं काम शेवटी.

इथे मी १९४१ ते १९४५ मधली विलीस एमबी आणि तिची जुळी फोर्ड जीपीडब्ल्यू डोळ्यांसमोर ठेवली आहे. महिंद्राच्या सीजे-३बी वाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, पण मापं मात्र आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

टप्पा १: पैसे देण्याआधी कागद

लष्कराच्या लिलावातून थेट सुटलेल्या गाडीला संबंधित अधिकाऱ्यांनी दिलेलं फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. तशी तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. लॉट भंगार म्हणून विकला गेला असेल तर ती गाडी नोंदणीसाठी नाही, सुट्या भागांसाठी घेतली असं समजा. दोनचार हात फिरून आलेली नोंदणीकृत जीप असेल तर आरसी बुकातला चॅसी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः, टॉर्च लावून, गाडीवर वाचा. विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका.

नंबर कुठे शोधायचा? एमबीचा चॅसी नंबर डाव्या चॅसी रेलच्या आतल्या अंगाला, पुढच्या बंपरच्या मागे, रिव्हेट मारलेल्या छोट्या पट्टीवर असतो. जीपीडब्ल्यूचा डाव्या रेलच्या वरच्या अंगावर, पुढच्या भागात, ठोकलेला असतो. रेडिएटरखाली वाकून पुढचा आडवा सांधाही बघा. गोल नळी असेल तर चॅसी विलीसची, चौकोनी पन्हळीसारखा असेल तर फोर्डची. महायुद्धातली जीप म्हणून नागरी सीजे गळ्यात मारतात, त्यासाठी सोप्या खुणा आहेत. लष्करी जीपच्या पत्र्याच्या जाळीला ९ खाचा, सीजेला ७. लष्करी जीपला मागचं फळकं उघडत नाही आणि पेट्रोलचं झाकण ड्रायव्हरच्या सीटखाली असतं.

व्हिंटेज नोंदणीचे नियम २०२१ साली आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी त्यात बसते. व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो आणि नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी लागते. डिझेल इंजिन बसवलेली जीप मूळ स्वरूपात आहे असं कुणी म्हणणार नाही, तेव्हा कोणत्या वाटेने जायचं ते खरेदीआधीच ठरवा.

> सावधान: केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ नुसार संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुठलंही वाहन ऑलिव्ह ग्रीन रंगवता येत नाही. जीप एकेकाळी लष्कराची होती म्हणून सूट मिळत नाही. मूळ स्वरूप आणि हा नियम यांचा मेळ तुमचं आरटीओ कसा घालतं, ते लेखी विचारून घ्या आणि उत्तर येईपर्यंत रंगाचा डबा विकत घेऊ नका. बाण असलेला लष्करी नंबर आणि सध्याच्या पलटणींची चिन्हं काढायचीच नाहीत.

टप्पा २: पाना लावण्याआधी

गाडी धुण्याआधी खालून-वरून फोटो काढा. प्रत्येक वायर कुठून कुठे जाते, प्रत्येक ब्रॅकेट कुठल्या बाजूला तोंड करून आहे, सगळं टिपून ठेवा. मळाखाली तेल कुठून झिरपतं हे धुण्याआधीच दिसतं, धुतल्यावर नाही. खोललेला प्रत्येक भाग पिशवीत भरून चिठ्ठी लावा. जुने भाग नवे येऊन बसेपर्यंत फेकायचे नाहीत, कारण नमुना म्हणून तेच हातात असतात.

दोन गोष्टी आरोग्याच्या. जुने ब्रेक लायनर, क्लच प्लेट आणि गास्केट यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची गॅरेजातली सवय इथे कटाक्षाने टाळा. धूळ ओली करून पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडावर चांगला मास्क ठेवा. दुसरं म्हणजे त्या काळच्या काही लष्करी डायलवर अंधारात चमकणारा रेडियमचा लेप असतो. चमक गेली तरी रेडियम जात नाही. डायल उघडून खरवडू नका, मीटर बंदच राहू द्या.

टप्पा ३: चॅसी आणि ॲक्सल

चॅसीवर पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, पुढचा सांधा आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या ब्रॅकेटपाशी हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, बद्द आला तर आतून गंज. कर्णरेषेत दोन्हीकडून टेप धरून मापं घ्या. ती जुळली नाहीत तर चॅसी वाकलेली आहे आणि तिला जिगवर (चॅसी सरळ करायच्या साच्यावर) नेल्याशिवाय पुढचं काम व्यर्थ आहे.

आता आपल्याकडे सर्रास होणारी चूक. एमबीच्या दोन्ही डिफरन्शियलचं (ॲक्सलमधल्या गिअरपेटीचं) गुणोत्तर ४.८८ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे तेवढे फेरे. नंतरच्या सीजे जीपचं ५.३८. मागचा ॲक्सल मोडला म्हणून कुणीतरी कधीतरी सीजेचा बसवलेला असतो आणि पुढचा मूळचाच राहिलेला असतो. टू-व्हीलमध्ये काही कळत नाही. फोर-व्हील टाकलं की पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या हिशोबाने फिरू पाहतात आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) फुटते.

तपासणी अशी करा. दोन्ही डिफरन्शियलची झाकणं उघडी असतील तर दाते मोजा: ३९ आणि ८ म्हणजे ४.८८, ४३ आणि ८ म्हणजे ५.३८. झाकण उघडायचं नसेल तर ॲक्सलची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रलला ठेवा, दोघांनी दोन्ही चाकं बरोबर एकेक पूर्ण फेरा फिरवा आणि तिसऱ्याने प्रॉपेलर शाफ्टवरच्या खडूच्या खुणेचे फेरे मोजावेत. पुढे-मागे आकडा एकच यायला हवा.

दुकानदाराचं ‘विलीसला बसतं साहेब’ हे वाक्य मुंबईच्या कुर्ल्यापासून दिल्लीच्या मायापुरीपर्यंत जुन्या सुट्या भागांच्या बाजारात सगळीकडे ऐकू येतं. तिथे व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) खिशात ठेवून जा. ट्रान्सफर केस वरून एकच दिसते, पण एमबीतला मधला शाफ्ट पाऊण इंचाचा आहे आणि नंतरच्या जीपमध्ये तो जाड होत गेला.

टप्पा ४: ब्रेक

जीपचे ब्रेक एकाच सर्किटचे आहेत. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून इथे ‘हे अजून चालेल’ हा शब्द नको. सगळे रबरी होज, सगळ्या व्हील सिलिंडरच्या रबरी वाट्या आणि गंजलेल्या स्टीलच्या नळ्या बदला. सिलिंडरच्या भिंतीला खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपर मारून भागवू नका. टर्नरकडून स्लीव्ह बसवून घ्या किंवा नवा सिलिंडर घ्या.

जोडणीचा क्रम असा:

1. ड्रमला ओठ (झिजेने कडेला उरलेला उंचवटा) आला असेल तर लेथवर साफ करून घ्या. एका ॲक्सलवरचे दोन्ही ड्रम एकाच मापाचे ठेवा.
2. लायनर ड्रमच्या गोलाईला घासून बसवा. नवा लायनर मधेच टेकला तर अर्धाच ब्रेक मिळतो.
3. पायाखालचा मास्टर सिलिंडर बसवा. त्याच्या झाकणातलं हवेचं भोक तारेने मोकळं करा.
4. पेडलला अर्धा इंच मोकळा खेळ ठेवा.
5. मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढायला सुरुवात करा आणि जवळच्या चाकावर संपवा.

चौथ्या मुद्द्यावर थांबायला हवं. पेडल ‘टाइट’ हवं म्हणून मिस्त्री हा खेळ काढून टाकतो. मग मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि तेल परत जायचं बारीक भोक झाकलेलं राहतं. गाडी पाचसात किलोमीटर गेली की तेल तापतं, फुगतं, त्याला परतीची वाट नसते आणि ब्रेक आपोआप आवळत जातात. ड्रम हाताला पोळतात, गाडी ओढेनाशी होते, आणि लोक मात्र कार्बोरेटर उघडून बसतात. थंड झाल्यावर सगळं पुन्हा ठीक वाटतं, त्यामुळे दोष सापडतही नाही. अर्धा इंच खेळ बोटाने दाबून बघा, पायाने नाही.

ब्रेकचं तेल डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचं घ्या. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका.

> तपासा: पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा. हळूहळू खाली गेलं तर गळती आहे. हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर काम करतो. तो गाडी उभी ठेवायला आहे. चालत्या गाडीत ओढला तर शाफ्टचे सांधे तुटू शकतात.

टप्पा ५: चाकं

सर्वांत गंभीर अपघात इथे होतात. लष्करी कॉम्बॅट रिम दोन तुकड्यांची असते. आतले ५ नट चाक हबला धरतात आणि बाहेरचे ८ नट रिमचे दोन तुकडे एकमेकांना धरतात. टायरमध्ये हवा असताना ते ८ नट सैल केले तर रिम बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायची, तार घालून खात्री करायची, मगच पाना. पंक्चरवाल्याकडे चाक देणार असाल तर त्या ८ नटांवर लाल रंग लावा आणि तोंडी सांगाच. हवा भरतानाही चाकासमोर उभं राहू नका.

डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. ते घड्याळाच्या दिशेने सुटतात. हे ठाऊक नसलेला माणूस पान्याला पाइप लावतो आणि स्टड मोडून ठेवतो. मात्र हब बदललेली जीप असेल तर डावीकडेही सरळ आटे असू शकतात, म्हणून आधी स्टडच्या टोकावर एल ठोकलेला आहे का ते बघा.

चारही टायर एकाच मापाचे आणि एकसारखे झिजलेले हवेत. मूळ माप ६.००-१६, हवा ३५ पीएसआय.

टप्पा ६: स्टीअरिंग

या जीप डाव्या हाताच्या होत्या. आपल्याकडे पुष्कळांचं स्टीअरिंग उजवीकडे आणलेलं आहे. ते काम करताना ड्रॅग लिंक किंवा पिटमन आर्म (स्टीअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारे दांडे) कापून वेल्डिंग केलेलं दिसलं तर तो भाग काढून टाका. पावडर कोटिंगखाली वेल्डिंग लपतं, म्हणून रंग खरवडून बघा.

४०-५० च्या वेगाला पुढची चाकं थडथडत असतील तर थेट स्टीअरिंग डँपर लावायचा मोह आवरा. डँपरने लक्षण झाकलं जातं, दोष तसाच राहतो. आधी टाय रॉडचे एंड, मग ॲक्सलवरचा बेल क्रँक (मधला फिरता सांधा), मग किंग पिनचे (ज्यावर चाक वळतं त्या खिळीचे) बेअरिंग असं एकेक बघत जा. एकाने स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने खाली पडून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचं. खेळ कुठे आहे ते बोटाला लगेच कळतं. किंग पिनचं बेअरिंग शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून बसवतात.

टप्पा ७: वर्षानुवर्षं बंद असलेलं इंजिन

२१९९ सीसीचं, चार सिलिंडरचं, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेलं हे इंजिन सोशिक आहे. पण ते बिघडतं बहुधा पहिल्या अर्ध्या तासात, घाईमुळे. बॅटरी जोडून सेल्फ मारणं किंवा गाडी ढकलून दुसऱ्या गिअरला सोडणं म्हणजे कोरड्या रिंगा आणि अडकलेले व्हॉल्व्ह मोडायला आमंत्रण.

1. चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात दोनतीन चमचे पातळ तेल सोडा आणि दोनतीन दिवस मुरू द्या.
2. जुनं तेल काढा. आधी पाणी आलं तर हेड गास्केट किंवा ब्लॉकची शंका धरा. ऑइल पॅन उतरवून गाळ साफ करा आणि नवं तेल भरा.
3. प्लग बाहेरच ठेवून हँडलने इंजिन सावकाश फिरवा. अडलं तर जोर लावू नका, तेल घालून पुन्हा थांबा.
4. मॅनिफोल्डच्या मागचं व्हॉल्व्हचं झाकण उघडा आणि हँडल फिरवताना आठही टॅपेट (व्हॉल्व्हला वर ढकलणारे भाग) बघा.

टॅपेट खाली गेला आणि व्हॉल्व्ह वरच राहिला, मधे फट उघडी दिसली, की तो व्हॉल्व्ह अडकला आहे. त्याच्या दांड्यावर डिझेल आणि तेलाचं मिश्रण सोडत राहा. तरी सुटला नाही तर हेड उतरवा. या इंजिनाचं हेड म्हणजे व्हॉल्व्ह नसलेलं नुसतं झाकण आहे, त्यामुळे ते काम अवघड नाही. मग लाकडी दांड्याने व्हॉल्व्ह हलकेच खाली ठोका, हँडलने वर आणा, पुन्हा ठोका. स्वतःच्या स्प्रिंगने टचकन बसू लागला की मोकळा झाला.

5. टॅपेटची फट इंजिन थंड असताना ०.०१४ इंच ठेवा. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची फट ०.०२० इंच, प्लगची ०.०३० इंच. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.
6. प्लग न लावता सेल्फ थांबत थांबत मारा, ऑइल गेजचा काटा हलेपर्यंत. काटा हलला नाही तर पुढे जाऊ नका.
7. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजा. आकडा किती येतो यापेक्षा चौघांतला फरक बघा, तो १० पीएसआयच्या आत हवा.

आता प्लग लावा आणि पहिला स्टार्ट. जुनी टाकी जोडू नका. स्वच्छ डब्यातून नळीने पंपाला पेट्रोल द्या, डबा इंजिनापासून लांब ठेवा. कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतायचं नाही, एक बॅकफायर झाला तरी आग लागते. शेजारी अग्निशामक हवाच. इंजिन सुरू झालं की नजर फक्त ऑइल गेजवर ठेवा. गरम इंजिनाला आयडलवर १० पीएसआयच्या खाली दाब गेला तर बंद करा.

> सावधान: हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीसारखा गुंडाळू नका. नेहमी खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडतं.

टप्पा ८: टाकी आणि पाणी

टाकी ड्रायव्हरच्या सीटखालच्या खोलगट भागात बसते. त्या खळग्यात पाणी साचून टाकीही कुजते आणि खालचा पत्राही. टाकी बाहेर काढा, खळग्याचं भोक मोकळं करा. पेट्रोल राहिलेल्या टाकीवर वेल्डिंग कधीही करू नका. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोकादायक, कारण आत वाफ असते.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही. पंपाचा डायफ्राम, नळ्या आणि कार्बोरेटरचं किट इथेनॉल चालेल अशाच रबराचं घ्या. रेडिएटर आणि ब्लॉक वेगवेगळे, उलट्या दिशेने धुवा. एकत्र धुतले तर ब्लॉकमधला गाळ रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतो.

टप्पा ९: वायरिंग

मूळ गाडी ६ व्होल्टची, निगेटिव्ह अर्थ. सेल्फ मंद फिरतो म्हणून लोक १२ व्होल्ट करतात. बऱ्याचदा दोष एवढाच असतो की बॅटरीच्या केबल १२ व्होल्टच्या गाडीच्या, म्हणजे बारीक, लावलेल्या असतात. ६ व्होल्टला त्याच कामाला दुप्पट करंट लागतो. जाड केबल लावा आणि अर्थची जागा उघड्या लोखंडापर्यंत घासा. नव्या रंगावर आवळलेला अर्थ म्हणजे अर्थच नाही. कापडी वेष्टण कुजलेली वायर टेप गुंडाळून ठेवू नका, बदला. बॅटरीपाशी कट-ऑफ स्विच जरूर लावा.

टप्पा १०: रंगाआधीची चाचणी

पत्रा अजून जुनाच असू द्या. मोकळ्या मैदानात पहिल्या गिअरने सुरुवात करून पंधरावीस वेळा थांबवून बघा. गाडी एका बाजूला ओढते का? मग दहाएक किलोमीटर जाऊन या आणि चारही ड्रमना हात लावा. एकच गरम असेल तर त्याचा ब्रेक घासतोय किंवा हबचं बेअरिंग आवळलं गेलंय, चारही गरम असतील तर टप्पा ४ मधला पेडलचा खेळ पुन्हा बघा. रात्रभर खाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी डाग कुठे पडला त्यावरून गळणारं सील सापडतं.

फोर-व्हील फक्त मातीत, चिखलात, वाळूत. कोरड्या डांबरावर टाकलं तर वळताना दोन्ही ॲक्सल एकमेकांना पिळतात, कारण मधे डिफरन्शियल नाही.

टप्पा ११: पत्रा आणि रंग

तळाच्या पत्र्याखाली टोपीच्या आकाराचे आडवे चॅनल असतात आणि त्यांच्या आत मूळची लाकडी पट्टी. ती पट्टी वर्षानुवर्षं पाणी धरून ठेवते. वरून नवा पत्रा ठोकून ही कीड जात नाही. चॅनल उघडा, लाकूड बदला, सील करून बसवा, पाणी जायला वाट ठेवा. सँडब्लास्टिंग चॅसीला उत्तम, पण बॉनेट आणि बाजूच्या पातळ पत्र्यावर मोठ्या दाबाने केलं तर पत्रा लाटांसारखा वाकतो. उघड्या लोखंडावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा, पावसाळ्यात तर तासाभरात. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने रात्रीतून गंज येतो. लांबीने भोकं भरायची नाहीत, पत्रा जोडायचा. रंग आरसीशी जुळणारा आणि आरटीओने मान्य केलेला.

चालू ठेवणं

गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं ९० नंबर तेल, जीएल-५ नको, ते पितळी रिंगांना खातं. दोन्ही डिफरन्शियलना मात्र जीएल-५ चालतं. गिअरबॉक्समधलं तेल शाफ्टच्या कडेने ट्रान्सफर केसमध्ये उतरतं, म्हणून दोन्हीकडची पातळी एकाच वेळी बघा. एकात कमी आणि दुसऱ्यात जास्त असेल तर ती गळती आतली आहे.

दर दीड हजार किलोमीटरला इंजिनचं तेल बदला आणि सगळ्या ग्रीस निप्पलना ग्रीस द्या. गाडी फिरली नसली तरी तेल वर्षातून एकदा बदलायचंच. जुनं ग्रीस बाहेर पडेपर्यंत गन मारा. नवं आत गेलं आणि जुनं बाहेर आलं नाही तर भोक बुजलेलं आहे, निप्पल काढून साफ करा. पाणी ओलांडून आलात तर त्याच आठवड्यात हबचे बेअरिंग आणि पुढच्या ॲक्सलच्या टोकांच्या गोळ्यांतलं (चाकं वळतात त्या सांध्यांतलं) ग्रीस उघडून बघा. पांढुरकं दिसलं तर पाणी शिरलं आहे. ब्रेकचं तेल दोन वर्षांनी पूर्ण बदला.

पावसाळ्यात चार महिने उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटर आटवा, बॅटरीची अर्थ काढा, हवा ३५ वर ठेवा आणि हँडब्रेक न ओढता चाकांना लाकडी ठोकळे लावा, नाहीतर ब्रेकचा पट्टा ड्रमला चिकटतो. पंधरा दिवसांनी एकदा प्लग काढून हँडलने इंजिनाचे चारपाच फेरे द्या आणि ब्रेक पेडल दहावीस वेळा दाबा, म्हणजे व्हील सिलिंडरच्या वाट्या एकाच जागी बसून राहत नाहीत.